स्वमग्न मूल आणि ज्युदोची मॅट: पालकांसाठी आणि प्रशिक्षकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला ज्युदो, कराटे किंवा कुस्तीला घालायचं म्हटलं की घरात दोन बाजू पडतात. आजी म्हणते, "आधीच चिडला की हात उगारतो, त्यात आणखी मारामारी शिकवता?" वडील म्हणतात, "शाळेत पोरं ढकलतात त्याला. स्वतःचं रक्षण नको का करता यायला?" दोघांची काळजी खरी आहे. पण पहिले कित्येक महिने वर्गात मारामारीही नसते आणि स्वसंरक्षणही नसतं. मूल पडायला शिकतं, दुसऱ्याचा कपडा धरायला शिकतं, आणि आपण खूण केली की समोरचा हात सोडतो, हे अनुभवतं.

या तिसऱ्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहिते आहे. स्वमग्न मुलांचं लहानपण बहुतेक दुसऱ्यांच्या सूचना पाळण्यात जातं. इकडे बघ, हात खाली ठेव, नीट बस, परत म्हण. त्यांच्या 'नको'ला मान मिळेल अशा जागा फार थोड्या असतात. ज्युदोच्या मॅटवर मात्र 'सोड' ही खूण सर्वांत मोठी असते, ती लहानाने मोठ्याला केली तरी पाळावीच लागते. वर्ग नीट चालवला तर हे मुलाच्या अंगात मुरतं. नीट चालवला नाही तर त्याच मॅटवर त्याला बळजबरीचा आणखी एक धडा मिळतो. म्हणून वर्ग निवडण्यापासून स्पर्धेपर्यंत काय पाहायचं, काय मागायचं आणि कुठे ठाम नाही म्हणायचं, ते क्रमाने सांगते.

खेळ कोणता निवडावा

मी ज्युदो शिकवते, त्यामुळे माझा कल उघड आहे, पण त्याला कारणं आहेत. ज्युदोत ठोसा नाही, लाथ नाही. स्पर्श होतो तो बहुतांशी जाड सुती जॅकेटवरून, बाही आणि गळपट्टी धरून. अनेक स्वमग्न मुलांना हलका, निसटता स्पर्श नकोसा वाटतो, पण घट्ट, स्थिर दाब चालतो, कधी कधी हवाहवासाही वाटतो. ज्युदोची पकड या दुसऱ्या प्रकारात मोडते. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. त्यांनी सांगितलेल्या दोन मूलतत्त्वांपैकी एक आहे ते परस्परांचं भलं. मॅटवर त्याचा अर्थ अगदी ठोस असतो: ज्याला तुम्ही फेकता त्याची बाही शेवटपर्यंत धरून ठेवायची, म्हणजे तो अलगद पडतो. जोडीदाराची काळजी घेणं हा इथे तंत्राचाच भाग आहे, वेगळा उपदेश करावा लागत नाही.

स्पर्श अजिबात सहन न होणाऱ्या मुलासाठी कराटे किंवा तायक्वांदो बरं. त्यातले काता आणि पुमसे एकट्याने करायचे असतात, हालचालींचा क्रम कधी बदलत नाही, आणि ठरलेला क्रम ही अनेक स्वमग्न मुलांची आवडीची गोष्ट असते. इराणमध्ये ३० स्वमग्न मुलांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांना १४ आठवडे, आठवड्यातून चार वेळा काता शिकवले आणि हात फडफडवण्यासारख्या पुनरावृत्तीच्या हालचाली कमी झाल्याचं आढळलं. हा अभ्यास पालक मला नेहमी दाखवतात. माझं मत स्पष्ट आहे: हात फडफडवणं थांबावं म्हणून कुणाला वर्गात आणू नका. ती हालचाल मुलाला शांत करत असते. मॅटवर उभं राहून वाट बघताना त्याने हात फडफडवले तर कुणाचंही काही बिघडत नाही.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे जवळच तालीम असेल तर कुस्तीचा विचार जरूर करा. तिथलं वेळापत्रक शिस्तीचं असतं, जोर-बैठका मोजून मारायच्या असतात, आणि कुस्तीचा निकाल डोळ्यांना दिसतो: चितपट झाला की संपलं. अडचण येते ती लाल मातीची, अंगाला लागलेल्या तेलाची, घामाची आणि उघड्या अंगाच्या स्पर्शाची. काही मुलं त्या मातीत रमतात, काहींना पाऊलही ठेवता येत नाही. आधी आखाड्याच्या कडेला नुसतं बसवून पाहा, मूठभर माती हातात घेऊ द्या. वस्तादांकडे मॅटही असेल तर प्रश्न बराच सुटतो.

बॉक्सिंगबद्दल मी कडक आहे. बॅगवर आणि पॅडवर सराव उत्तम, पण डोक्याला मार लागेल अशी स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, नको. डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय हे ज्या मुलाला ओळखून सांगता येत नाही, त्याला मेंदूला बसलेला धक्का कुणाच्या लक्षातच येणार नाही. आणि समोर प्रतिस्पर्धीच नको असेल तर मल्लखांब आहे. तो पैलवानांच्या सरावातूनच वाढला, आणि लाकडाला किंवा दोराला घट्ट कवटाळताना शरीराला भरपूर दाब मिळतो.

इथून पुढचं सगळं ज्युदो धरून सांगते. बाकी खेळांना थोड्या फरकाने लागू होईल.

डॉक्टरांना विचारायच्या चार गोष्टी

"खेळायला हरकत नाही" एवढी चिठ्ठी पुरत नाही, नेमकं विचारा.

पहिली, फिट्स. स्वमग्नतेबरोबर अपस्मार असण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. फिट येत असेल किंवा पूर्वी आली असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांशी बोला, आणि गळा आवळण्याचे डाव त्या मुलासाठी कायमचे बंद, हे प्रशिक्षकांना लेखी द्या. दुसरी, मान. डाऊन सिंड्रोम आणि स्वमग्नता दोन्ही असलेल्या मुलांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो. तपासणी झाल्याशिवाय कोलांटी नाही आणि फेक तर नाहीच. तिसरी, सांधे. बोटं, कोपर, गुडघे नेहमीपेक्षा जास्त वाकत असतील तर सांधा पिरगाळणारे डाव टाळावे लागतात आणि आधी ताकद वाढवावी लागते. चौथी, औषधं. काही औषधांनी वजन वाढतं, काहींनी सुस्ती येते, काहींनी उकाडा सहन होत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या हॉलमध्ये जाड जॅकेट घालून तासभर सराव करायचा असेल तर हे आधीच माहीत हवं.

वेदनेचंही सांगायला हवं. काही स्वमग्न मुलांना दुखणं उशिरा जाणवतं किंवा ती ते वेगळ्या तऱ्हेने दाखवतात. कुणी मोठ्याने हसायला लागतं, कुणी एकदम गप्प होतं. तुमचं मूल दुखल्यावर काय करतं, ते तुम्हालाच ठाऊक असतं. प्रशिक्षकांना ते सांगा.

वर्ग शोधताना

मुलाला न घेता आधी तुम्ही एकटे जा आणि पूर्ण तास बसून पाहा. भिंतीवरचे करंडक आणि फोटो बाजूला ठेवा. मी पाहीन ते असं: एखादं मूल चुकलं तर सर काय करतात? सगळ्यांसमोर जोर मारायला लावतात की जवळ जाऊन दाखवतात? खाली दाबलेल्या मुलाने हात आपटला तर वरचा लगेच सुटतो, की "अजून थोडा दम धर" म्हणत सर चालू ठेवतात? हे दुसरं दिसलं तर तिथूनच परत फिरा. बाकी सगळं सुधारता येतं, हे नाही.

मग हॉल पाहा. ट्यूबलाइट लुकलुकते का, पंख्याचा आवाज किती, आवाज घुमतो का, एका वेळी मॅटवर किती मुलं असतात. पुण्यात असाल तर गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यांत शेजारच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव चालतो का, तेही विचारून ठेवा. पावसाळ्यात मॅटला कुबट वास येतो, तो तुम्हाला जाणवणार नाही पण मुलाला जाणवेल. वीस मुलांच्या बॅचपेक्षा सात-आठ मुलांची बॅच निवडा, गैरसोयीच्या वेळी असली तरी.

सुरक्षिततेचा प्रश्न थेट विचारा, संकोच करू नका. हा अंगाला अंग लागणारा खेळ आहे, आणि बोलता न येणाऱ्या मुलांना गैरवर्तनाचा धोका जास्त असतो, कारण ती घरी येऊन सांगू शकत नाहीत. वर्ग चालू असताना दार उघडं असावं, दोन मोठी माणसं हजर असावीत, पालकांना केव्हाही येऊन बसता यावं, कपडे बदलताना मदत पालकांनीच करावी. कुणी कुरकुर केली तर ती जागा तुमच्या मुलासाठी नाही. शंका आली तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहे आणि मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा आहे.

जागा पसंत पडली की प्रशिक्षकांना एक पान लिहून द्या. एकच पान, कारण फाइल कुणी वाचत नाही. निदानाचा इतिहास नको. हे लिहा: काय म्हटलं की कळतं (छोटी वाक्यं, चित्र, करून दाखवणं), काय सहन होत नाही (शिट्टी, मागून स्पर्श, केसांना हात), बिनसू लागल्याची पहिली खूण काय (कान झाकतो, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो), तेव्हा काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, आणि त्याला काय मनापासून आवडतं. शेवटचा मुद्दा गाळू नका. लोकलच्या वेळापत्रकात जीव असलेल्या मुलाला मी पकडींचा क्रम स्टेशनांच्या नावांनी शिकवला आहे, आणि तो एकही स्टेशन कधी चुकला नाही.

घरची तयारी: कपडा, पाय, बाथरूम

नवीन ज्युदोचा ड्रेस पुठ्ठ्यासारखा कडक असतो. विकत आणल्यावर तीन-चार वेळा धुवा, गळ्यामागचं लेबल शिवणीपासून उसवून काढा (कापलं तर उरलेली कड जास्त टोचते), आणि आतून रोजचा मऊ टीशर्ट चालेल का ते विचारा. आधी फक्त जॅकेट, टीव्ही बघताना पाच मिनिटं. मग बेल्ट. बेल्टची गाठ बऱ्याच मुलांना पोटावर खुपते, ती किंचित बाजूला सरकवली तर कुणी ओरडणार नाही. पावसाळ्यात हा कपडा दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर वासाचा ड्रेस मूल घालणार नाही, म्हणून जमलं तर जुलैआधी दुसरा घेऊन ठेवा. सुरुवातीला नुसती ट्रॅकपँट आणि जॅकेट घालून येऊ द्यायला कुठल्याही समंजस प्रशिक्षकाची हरकत नसते.

मॅटवर अनवाणी जायचं असतं. पाय उघडे ठेवणं जमत नसेल तर तळाला रबर असलेल्या मोज्यांपासून सुरू करा. हातापायांची नखं कापणं सक्तीचं असतं आणि काही घरांत तेच महायुद्ध असतं, त्यामुळे नखं वर्गाच्या दिवशी नको, आदल्या दिवशी झोपेत किंवा आंघोळीनंतर कापा.

तहान लागली, लघवीला लागली हे वेळेवर न कळणाऱ्या मुलांसाठी ते वर्गाच्या क्रमातच घाला: येताच बाथरूम, मध्ये पाणी, जाताना बाथरूम. विचारायचं नाही, नेमाने करायचं.

पहिला महिना

पहिली भेट रिकाम्या हॉलमध्ये. मुलाला मॅटवर चालू द्या, लोळू द्या, वास घेऊ द्या. हॉलचे, प्रशिक्षकांचे, चप्पल ठेवायच्या जागेचे फोटो काढा आणि घरी त्यांचा एक छोटा तक्ता करा: चप्पल काढणं, वाकून नमस्कार, धावणं, पडणं, पकड, पाणी, नमस्कार, घर. झालेल्या गोष्टीचं चित्र काढून पाकिटात टाकायचं. वर्ग अजून किती उरलाय हे दिसलं की अर्धी अस्वस्थता तिथेच जाते.

दुसरी भेट वर्ग चालू असताना, पण कडेला बसून आणि दहाच मिनिटं. तिसऱ्या भेटीला नमस्कार आणि धावणं. रोज एक चित्र वाढवायचं. मूल आनंदात असतानाच घरी न्या, "आज छान चाललंय तर पूर्ण तास थांबूया" हा मोह आवरा. नमस्कार, म्हणजे ज्युदोतला रेई, सुरुवातीपासून शिकवा. तो दोन्ही वेळा सारखाच असतो, त्यात डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत, आणि सुरुवात कुठे, शेवट कुठे हे स्पष्ट होतं.

मग येतं पडणं, म्हणजे उकेमी. यावर मी सर्वांत जास्त वेळ देते आणि तुमच्या प्रशिक्षकांनीही द्यावा, कारण यातून मिळणारं कौशल्य मुलाला आयुष्यभर पुरतं, बसच्या पायरीवरून घसरला तरी. क्रम असा:

१. पाठीवर झोपून फक्त मान उचलायची. हनुवटी छातीला. प्रशिक्षकाने स्वतःच्या बेल्टची गाठ दाखवून म्हणायचं, "गाठ बघ." 'मान सांभाळ' यातून बहुतेक मुलांना काहीच कळत नाही, 'गाठ बघ' लगेच कळतं. सफाईदारपणे जमेपर्यंत पुढे जायचं नाही, मग त्याला आठवडा लागो की दोन महिने.

२. झोपूनच हात. तळवे खाली, हात शरीरापासून थोडेच लांब, खांद्याच्या रेषेत नव्हे. मॅटवर खडूने किंवा रंगीत टेपने दोन हातांच्या जागा आखून द्या.

३. बसून मागे लोळणं. पाठ गोल. प्रशिक्षकाचा हात मानेमागे, स्पर्शाआधी सांगून.

४. उकिडवं बसून मागे.

५. उभं राहून, आधी जाड गादीवर.

इथे एक अडचण हमखास येते. पडताना हात आपटल्याचा आवाज होतो, आणि आठ मुलं एकदम पडली की बंद हॉलमध्ये फटाक्यांची माळ लागल्यासारखं वाटतं. माझ्या वर्गात एक मुलगी झोपून हात आपटायचे सगळे टप्पे उत्तम करायची, पण बाकीच्यांची रांग पडायला लागली की दाराकडे पळायची. आम्ही दोन गोष्टी केल्या. तिला कान झाकणारे हेडफोन दिले, आणि सगळ्यांनी एकदम पडायचं बंद करून एकेकाने पडायचं ठेवलं. मोजायचं काम तिच्याकडे दिलं. ती "इची" (जपानीत एक) म्हणायची तेव्हा पहिला पडायचा, "नी" (दोन) म्हणायची तेव्हा दुसरा. आवाज केव्हा येणार हे तिच्या हातात आल्यावर काही आठवड्यांत हेडफोन तिने स्वतःच काढून ठेवले. असे हेडफोन जमिनीवरच्या लढतीत आणि फेकींत घालता येत नाहीत, त्यांच्या फ्रेमने इजा होते. एवढं मात्र पाळा.

पकड, आणि 'सोड'ची खूण

पकडीला हात लावण्याआधी खूण शिकवायची. ज्युदोत थांबण्यासाठी दोन रीती आहेत: पंच किंवा प्रशिक्षक "मात्ते" म्हणतात तेव्हा दोघंही थांबतात, आणि खेळाडू स्वतः हाताने दोनदा थापटतो तेव्हा समोरचा सोडतो. पहिली बहुतेक मुलं पटकन शिकतात, कारण सूचना पाळण्याची सवय त्यांना असतेच. दुसरी, म्हणजे स्वतःहून सोडवून घेणं, फार सावकाश शिकतात.

म्हणून तिचा खेळ करा. प्रशिक्षकाने मुलाची बाही हलकेच धरायची. मुलाने थापटायचं, कुठेही, मॅटवर, प्रशिक्षकाच्या हातावर, स्वतःच्या मांडीवर. थापटताच दोन्ही हात वर करून सोडायचं, नाट्यमय वाटलं तरी चालेल. पुन्हा धरायचं. असं रोज पाच-सात वेळा. मग भूमिका उलट: मुलाने प्रशिक्षकाची बाही धरायची, प्रशिक्षकाने थापटायचं, मुलाने सोडायचं. मग दुसऱ्या मुलाबरोबर. मग जमिनीवर, केसा-गातामे या सोप्या पकडीत, जिथे खालच्याचं डोकं आणि एक हात धरलेला असतो. बोलणाऱ्या मुलाने "बस" म्हटलं तरी तेवढंच मोलाचं, कार्ड दाखवणाऱ्याचं कार्डही तेवढंच.

काही नियम मी कुणासाठीही सैल करत नाही. खूण चुकून झाली असं वाटलं तरी सोडायचं. खूण खेळ टाळण्यासाठी केली असं वाटलं तरी सोडायचं, आणि सोडल्यावर "कशाला थापटलंस" असं विचारायचं नाही. आणि ज्याला दुखणं उशिरा कळतं त्याच्याबाबतीत खुणेची वाट बघायची नाही, वेळ मोजायची: पाच मोजून वरच्याने आपणहून सोडायचं. बालवर्गात सांधे पिरगाळणं आणि गळा आवळणं मुळातच नसतं. मोठ्या स्वमग्न खेळाडूंच्या बाबतीतही खूण पक्की झाल्याशिवाय ते सुरू करू नये.

लढतीचा सराव

रांदोरी, म्हणजे मोकळ्या लढतीचा सराव, अनेक स्वमग्न मुलांना अवघड जातो, कारण समोरचा काय करेल ते ठरलेलं नसतं. सर्वांत जास्त गोंधळ पकडीसाठीच्या झटापटीत होतो: हात येतात, झटकले जातात, पुन्हा येतात. यावर तोडगा दृष्टिहीनांच्या ज्युदोतून घेता येतो. पॅरालिम्पिक ज्युदोत दोघांनी एकमेकांना धरल्यावरच "हाजिमे", म्हणजे "सुरू करा", म्हणतात. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमार यांनी भारताला ज्युदोतलं पहिलं पॅरालिम्पिक पदक मिळवून दिलं, ते याच पद्धतीने लढून. तुमच्या वर्गात हा नियम घेतला तर स्पर्श कुठे आणि कसा होणार हे सुरुवातीपासून ठरलेलं राहतं. बाकीच्या मुलांनाही याने तोटा होत नाही, उलट त्यांची पकड सुधारते.

त्यापुढचे टप्पे: गुडघ्यांवर बसून लढत, मग उभ्याने पण एकाच डावाची मुभा, मग दोन डाव, मग मोकळं. वेळ घड्याळावर दिसू द्या, ३० सेकंदांपासून सुरू करा. जोडीदार पहिले काही महिने एकच ठेवा, वयाने किंचित मोठा आणि शांत. त्याच्या पालकांशी बोला आणि त्याचं कौतुक करायला विसरू नका, त्याच्यावरही जबाबदारी आहे.

हरणं वेगळं शिकवावं लागतं. काही मुलांना हरणं म्हणजे नियम मोडल्यासारखं वाटतं आणि ती कोसळतात. माझा उपाय: लढतीआधी निकाल ठरवून घ्यायचा. "या वेळी तू पडणार, पुढच्या वेळी तो." दोघांनी आलटून पालटून पडायचं. पडण्याचं भय आणि हरण्याचं भय याच सरावात हळूहळू वेगळं होतं.

बिनसलं तर

आवाज कमी, बोलणं कमी, माणसं कमी. बाकीच्या मुलांना दुसऱ्या बाजूला न्या, दिवा बंद करता आला तर करा, पालकांना बोलवा आणि वाट पाहा. मॅटच्या कोपऱ्यात आधीपासून एक जागा ठरवून ठेवा, जिथे मूल केव्हाही जाऊन बसू शकेल आणि कुणी परत बोलवायला जाणार नाही.

कोसळलेल्या मुलाला ज्युदोच्या पकडीने दाबून ठेवू नका. पोटावर पालथं पाडून पाठीवर वजन तर कधीच नाही, त्याने श्वास अडतो आणि जीव जाऊ शकतो. शिवाय जी पकड 'खुणेवर सुटते' असं तुम्ही महिनोन् महिने शिकवलं, तीच त्याला सोडत नाही, हे तो विसरणार नाही.

"शाळेत कुणाला आपटलं तर?"

हे भय खोटं नाही. नियम जागेशी बांधा: ज्युदो फक्त मॅटवर, ड्रेस घालून, दोघांनी नमस्कार केल्यावर. तीन अटी, तीन चित्रं. ठाम नियम अनेक स्वमग्न मुलं कसोशीने पाळतात. घरात भावंडांवर डाव दाखवायला सांगू नका, पाहुण्यांपुढे तर मुळीच नाही, कारण मग नियमाला अपवाद आहेत असा अर्थ निघतो. शाळेत त्रास देणाऱ्या मुलांचा प्रश्न ज्युदोने सुटत नाही, तो शाळेशीच बोलून सोडवावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, शाळेला जबाबदारी झटकता येत नाही.

मोठेपणी सुरू करणाऱ्या स्वमग्न व्यक्तींसाठी

तुम्ही स्वतःच वाचत असाल तर वरचं बरंचसं तुम्हालाही लागू आहे, फक्त पान तुम्ही स्वतः लिहायचं. निदान सांगायचं की नाही हा तुमचा निर्णय. "मला एका वेळी एकच सूचना द्या", "मागून हात लावू नका", "आज मी रांदोरी करणार नाही" एवढं सांगूनही काम भागतं. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी परत मॅटवर जायचं नाही, बरं वाटत असलं तरी. वर्गानंतर थकवा तीव्र येत असेल तर दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका. वयाचा बाऊ नको, तिशीत-चाळिशीत सुरू करणारे पुष्कळ असतात.

स्पर्धा आणि बेल्ट परीक्षा

स्पर्धा व्हायलाच हवी असं नाही. व्हावीशी वाटली तर वाटा अशा आहेत. स्वमग्नतेबरोबर बौद्धिक अक्षमता असेल तर स्पेशल ऑलिम्पिक्स भारतकडे जाता येतं. वयाच्या आठव्या वर्षापासून स्पर्धा खेळता येतात आणि गट वय, लिंग आणि क्षमतेनुसार पाडतात. स्पेशल ऑलिम्पिक्सने बॉक्सिंग, कुस्ती, कराटे यांना मनाई केली आहे, लढतीच्या खेळांत ज्युदोला मात्र परवानगी आहे. २०२३ च्या बर्लिनमधल्या जागतिक स्पर्धांत ज्युदो होता. बौद्धिक अक्षमता नसलेल्या स्वमग्न खेळाडूंसाठी व्हर्टस या आंतरराष्ट्रीय संस्थेने स्वतंत्र गट ठेवला आहे. पॅरालिम्पिकमधला ज्युदो फक्त दृष्टिदोष असलेल्यांचा, तिथे स्वमग्नतेसाठी गट नाही. उरते ती सर्वसाधारण जिल्हा स्पर्धा, आणि अनेक जण तिथेच खेळतात. कोणत्याही वाटेला यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तयार असलेलं बरं. ते काढायला वेळ लागतो, म्हणून स्पर्धा डोक्यात नसली तरी काढून ठेवा.

जिल्हा स्पर्धेत सर्वांत कठीण असतं ते वाट बघणं. सकाळी सातला वजन, लढत दुपारी तीनला, मध्ये लाउडस्पीकर. आयोजकांना आधी भेटून लढतीची अंदाजे वेळ मागा, मधला काळ बाहेर घालवा, आणि पंचांना सांगून ठेवा की "मात्ते" उच्चारताना हातानेही स्पष्ट खूण करा. बेल्ट परीक्षेत मात्र सवलत मागायला लाजू नका: ओळखीच्या हॉलमध्ये, ओळखीच्या जोडीदाराबरोबर, तोंडी नावं सांगण्याऐवजी करून दाखवून. पडणं, पकड आणि सोडणं यांच्या दर्जात सवलत मागू नका. ते कच्चं राहिलं तर पुढच्या बेल्टला दुखापत होते.

कधी थांबायचं

नव्या वर्गाला तीन महिने द्या. पण वर्गाच्या दिवशी सकाळपासून पोटात दुखणं, झोप उडणं, ड्रेस लपवून ठेवणं असं लागोपाठ दोन आठवडे दिसलं तर तीन महिन्यांची वाट बघू नका. आधी एकच गोष्ट बदलून पाहा: वेळ, बॅच किंवा जोडीदार. फरक पडला नाही तर सोडा. सोडताना मुलाला सांगा की वर्ग संपला, तक्त्यावर तसं चित्र लावा, म्हणजे पुढच्या मंगळवारी तो दाराशी बूट घालून उभा राहणार नाही. आणि फी दर महिन्याला भरा, वार्षिक सवलतीसाठी आगाऊ रक्कम गुंतवू नका. भरलेल्या पैशांपायी नको असलेला वर्ग रेटत नेणारे पालक मी बरेच पाहिले आहेत.